माशाला माशी, पण कुठल्या नदीची?

माझ्या हापिसच्या बॅगेत काड्यापेटीएवढी एक डबी आहे. आत सहा माश्या. घाबरू नका, खोट्या आहेत. गेल्या वर्षी ऑनसाइटला साउदॅम्प्टनला होतो, तेव्हा एका शनिवारी स्टॉकब्रिज नावाच्या गावात घेतल्या. गावाच्या मुख्य रस्त्याखालून टेस्ट नदी वाहते. पुलावरून वाकलं की तळाचा खडा न् खडा दिसतो, आणि प्रवाहाकडे तोंड करून उभे असलेले ट्राउट. इथल्या गळवाल्यांचा क्लब १८२२ सालचा! (मासेमारीच्या एका दिवसाचा दर विचारला. मग फक्त माश्या घेतल्या.)

ह्याला म्हणतात ड्राय फ्लाय. बारीक तारेचा गळ, त्यावर कोंबड्याच्या मानेचं ताठ पीस गुंडाळायचं, म्हणजे माशी बुडत नाही, पाण्यावर उभी राहते. निवडायची कशी? नदीवर आज कुठला किडा उतरलाय ते आधी बघायचं. त्याच्या आकाराची माशी घ्यायची, रंगाचं नंतर. नंबर उलटे असतात, १६ नंबरचा गळ १२ पेक्षा लहान. (व्हर्जन नंबरांची सवय असलेल्यांनी जपून.) आपण माशाच्या पाठीमागे उभं राहायचं, माशी त्याच्या पुढे टाकायची आणि प्रवाहाबरोबर वाहू द्यायची. दोरीने जरा जरी ओढली गेली तरी मासा तोंड फिरवतो.

ह्या प्रकाराचं रीतसर शास्त्र केलं फ्रेडरिक हॅलफर्डनं, १८८६ च्या पुस्तकात. त्याचा हट्ट असा की माशी त्याच नदीवरच्या किड्याची हुबेहूब नक्कल हवी. पुढे १९१० मध्ये त्यानं छाटून छाटून यादी ३३ नमुन्यांवर आणली. थोडक्यात, ती डबी म्हणजे त्या नद्यांवरच्या किड्यांची खानेसुमारीच.

आपल्याकडे आलेल्या साहेबानं मात्र वेगळीच युक्ती केली. काश्मीर, निलगिरी असं थंड पाणी शोधून तिथे ट्राउटच नेऊन सोडले. डबी तीच ठेवली, मासा बदलला! मुठेत ते जमण्यासारखं नव्हतं. पाणी कोमट.

पण मुठेची खानेसुमारी झाली होती, आणि ती हॅलफर्डच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी. कर्नल साईक्स हा मुंबई सरकारचा आकडेवारी गोळा करणारा अधिकारी. १८२४ ते १८३१ दख्खनभर हिंडला. १८३९ मध्ये त्यानं इथल्या माशांची वर्णनं छापली आणि बऱ्याच जणांना लॅटिन आडनावं म्हणून सरळ मराठी नावंच चिकटवली. खुद्री, नुक्टा, कोळस, मळ्या, शिंगटी. ह्यातला खुद्री म्हणजे आपला दख्खनी महसीर. त्याचा मूळ पत्ता साईक्सनं दिलाय तो मुळा-मुठेचा, पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवर. जगभरचे शास्त्रज्ञ आजही त्याला 'टॉर खुद्री' म्हणतात. ही नावं साईक्सला कुणा भोयानं, कोळ्यानं सांगितली असणार (अंदाज माझा). त्या माणसाचं नाव मात्र कुठेच नाही.

मग माझ्या माशीला मुठेत गिऱ्हाईक कोण? खुद्रीचे दात घशात असतात. तो खेकडे, शिंपले फोडून खातो, पडलेली फळंही खातो. १६ नंबरच्या माशीकडे तो ढुंकून तरी बघेल का, शंकाच आहे. पाण्याच्या वरच्या थरातले किडे टिपणारी खरी म्हणजे अळकुटी, बोटाएवढी, चांदीसारखी. तीही साईक्सच्या यादीत आहे, 'चेला अलकूटी' म्हणून. म्हणजे साहेबाची शाही कला इथे चालवायची तर बोटाएवढ्या मासळीवर!

रविवारी डबी घेऊन राजाराम पुलाखाली गेलो. धरणाचं पाणी सुटलेलं नव्हतं, त्यामुळे वास होताच. एक काका कणकेचा गोळा लावून गळ टाकून बसले होते. माश्या दाखवल्या. त्यांनी एक उचलून उन्हात धरली, फुंकर मारली.

"काम झ्याक केलंय. पर हितं चिलापी हाय साहेब, तिला कणीक लागती."

अळकुटी?

"ती हितं कुठली आता? खडकवासल्याच्या वर बघा." मग थोडं थांबून म्हणाले, "नाव कुनी सांगितलं तुमाला?"

म्हटलं, लंडनमध्ये छापलंय.