नववीला भाषा घ्यायची की ‘व्यवसाय विषय’? फॉर्मवर टिक करण्याआधी हे समजून घ्या

आठवी संपली की काही हायस्कूलमध्ये मुलांच्या हातात एक फॉर्म येतो. हिंदी किंवा संस्कृत घेणार, की त्याऐवजी ऑटोमोटिव्ह, शिवणकाम, इलेक्ट्रॉनिक्ससारखा एखादा विषय? घरी पाच मिनिटांत टिक होते. मित्राने जे घेतलं तेच बहुतेक वेळा घेतलं जातं. पण तो विषय थेट दहावीच्या गुणपत्रिकेपर्यंत सोबत राहतो.

त्यात चित्रकलेचे वाढीव गुण, टेक्निकल आणि व्होकेशनल हे सगळं एकच समजलं जातं. प्रत्यक्षात या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

१. चित्रकलेची ग्रेड परीक्षा

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा राज्याचं कला संचालनालय घेतं. हा दहावीचा विषय नाही, त्यामुळे यासाठी कोणतीही भाषा सोडावी लागत नाही. एलिमेंटरीला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन असे पेपर असतात. इंटरमिजिएटला वस्तुचित्राच्या जागी स्थिरचित्र येतं आणि भूमिती अवघड होते.

इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुण मिळतात. ए श्रेणीला ७, बी श्रेणीला ५ आणि सी श्रेणीला ३. शास्त्रीय गायन, वादन, नृत्य आणि लोककलांसाठीही अशीच सवलत आहे. मात्र हे गुण आपोआप जमा होत नाहीत. शाळेला मुदतीत प्रस्ताव पाठवावा लागतो. सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तिन्ही जिल्ह्यांसाठी तो बोर्डाच्या कोल्हापूर विभागीय मंडळाकडे जातो. प्रमाणपत्र घरच्या कपाटात राहिलं, तर त्याचा उपयोग नाही.

२. व्यवसाय विषय, म्हणजेच एनएसक्यूएफ

हा मात्र दहावीचा पूर्ण विषय आहे. साधारणपणे एका भाषेच्या जागी तो घेतला जातो. मल्टी स्किल असिस्टंट टेक्निशियन, ऑटोमोटिव्ह सर्व्हिस टेक्निशियन, ब्युटी थेरपिस्ट, होम हेल्थ एड, शेती, प्लंबिंग अशी यादी मोठी आहे. पण एका शाळेत त्यातले एक-दोनच विषय मिळतात. लेखी परीक्षेसोबत प्रात्यक्षिकाला मोठं वजन असतं.

हा विषय घेतला म्हणजे पुढे सायन्स बंद, असं नाही. अकरावीला कला, वाणिज्य आणि विज्ञान या तिन्ही वाटा खुल्या राहतात.

३. तंत्र विषय

तांत्रिक विद्यालयांची परंपरा एनएसक्यूएफच्या आधीची आहे. इथे मुलं वर्कशॉपमध्ये फायलिंग, सुतारकाम, वायरिंग आणि इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकतात. दहावीनंतर पॉलिटेक्निकला जायचं असेल, तर तंत्र विषय घेतलेल्यांसाठी काही जागा राखीव असतात. त्या वर्षीची प्रवेश नियमावली नक्की बघावी.

ड्रॉइंग मास्तरांचा कारखाना

‘चित्रकला वेगळी आणि मशिन वेगळं’ असं वाटत असेल, तर सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातली किर्लोस्करवाडी आठवावी. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. पण त्यांना रंग नीट ओळखता येत नव्हते. रंग सुटले, रेषा हातात राहिली. ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि व्हीजेटीआयमध्ये ड्रॉइंगचे शिक्षक झाले. पुढे बेळगावात सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर असा प्रवास झाला.

१९१० मध्ये औंध संस्थानने दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. जमीन देणारे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी जमवलेला कलासंग्रह आजही सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या संग्रहालयात बघायला मिळतो.

हाताने काम करत शिकण्याचा धडा साताऱ्याने आणखी एका माणसाकडून घेतला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली. ‘कमवा आणि शिका’ ही त्यांची योजना. श्रम करणारा मुलगा अभ्यासात मागे असतो, हा समज त्यांनी मोडून काढला.

मग अडचण कुठे आहे?

तोच समज आज दुसऱ्या रूपात परत येतो. हुशार मुलाने संस्कृत घ्यायचं आणि ‘झेपत नाही’ त्याने व्होकेशनल, अशी वाटणी अनेकदा केली जाते. यात नुकसान दोघांचं होतं. ज्याला वायरिंग आवडतं त्याच्या हातात पक्कड येत नाही. आणि ज्याला त्यात रस नाही, तो दोन वर्षं वर्कशॉपमध्ये नुसता उभा राहतो.

दुसरी अडचण शिकवण्याची. शिकाऊ उमेदवाराला इंजिन उघडून बघायला मिळायला हवं. पुस्तकातली आकृती वहीत उतरवून गुण मिळतीलही, पण हात बसणार नाही. विषयाचं नाव एकच असलं, तरी दोन शाळांत मिळणारं शिक्षण अगदी वेगळं असू शकतं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावीपासूनच व्यवसाय शिक्षणाची ओळख आणि दहा ‘दप्तराविना दिवस’ सुचवले आहेत. मुलांना स्थानिक कारागिरांसोबत काम करायला मिळावं, हा त्यामागचा विचार. असे कारागीर इथे शोधावे लागत नाहीत. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना तर भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

फॉर्म भरण्याआधी शाळेत हे विचारा

- या विषयाला या वर्षी शिक्षक आहेत का?
- आठवड्याला प्रात्यक्षिकाचे तास किती? साहित्य किती मुलांमध्ये एक?
- कोणती भाषा सोडावी लागेल? ती पुढे लागणार आहे का?
- विषय नंतर बदलता येईल का? कधीपर्यंत?
- वाढीव गुणांचे प्रस्ताव शाळा कधी पाठवते?

शक्य असेल तर वर्कशॉप उघडायला सांगा आणि आत एक चक्कर मारा. मशिनवर धूळ आहे की तेलाचे हात उमटलेत, हे बघितलं की निम्मं उत्तर तिथेच मिळतं. उरलेलं निम्मं मुलाला विचारा.