सन २००० ची गोष्ट आणि तिचे वाचक

विज्ञानकथेतील भाकिते पुढे किती खरी ठरली, याचा हिशेब आपण हौसेने मांडतो. वर्गात ज्यूल व्हर्नचे नाव निघाले की पाणबुडी आणि चांद्रसफर ओघाने येतातच. पण विज्ञानकथेच्या इतिहासाला आणखी एक प्रश्न विचारता येतो. कथा प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्या वाचकांनी तिचे काय केले? या दृष्टीने एडवर्ड बेलामी या अमेरिकन लेखकाची ‘लुकिंग बॅकवर्ड’ ही कादंबरी पाहण्यासारखी आहे. जानेवारी १८८८ मध्ये ती बॉस्टनहून प्रसिद्ध झाली.

कथा तशी सौम्य आहे. तीत ना युद्ध आहे, ना परग्रहावरचे शत्रू. ज्युलियन वेस्ट हा बॉस्टनमधला तिशीचा श्रीमंत तरुण. एडिथ बार्टलेट हिच्याशी त्याचे लग्न ठरले आहे. पण नवे घर पुरे झाल्याशिवाय लग्न व्हायचे नाही, आणि कामगारांच्या संपांमुळे घराचे काम रेंगाळले आहे. ज्युलियनला निद्रानाशाचा विकार. ३० मे १८८७ च्या रात्री तो तळघरातल्या खोलीत संमोहनाच्या साह्याने झोपतो आणि जागा होतो तो १० सप्टेंबर २००० रोजी! डॉ. लीट यांचे कुटुंब त्याला आसरा देते. त्यांच्या मुलीचे नावही एडिथच. ती त्याला नव्या काळातली दुकाने दाखवते, संगीत ऐकवते. दोघांचे प्रेम जमते. शेवटी उलगडा होतो की ही एडिथ म्हणजे ज्युलियनच्या वाग्दत्त वधूची पणती.

यातले विज्ञान बेलामीने आपल्या काळातूनच उचलले होते. सन २००० मधील घरात एक खटका फिरवला की शहरातल्या सभागृहांत चाललेले संगीत दूरध्वनीच्या तारांवरून खोलीत ऐकू येते, तेही चोवीस तास. दूरध्वनीचा शोध १८७६ चा. १८८१ च्या पॅरिस येथील विद्युत प्रदर्शनात लोकांनी ऑपेराचे गायन तारेवरून ऐकलेही होते. हाइन्रिश हर्ट्‌झ विद्युतचुंबकीय लहरींवर प्रयोग करीत होता तो नेमका याच सुमारास, पण त्या लहरींतून बिनतारी प्रक्षेपण उभे राहील हे बेलामीला दिसणे शक्य नव्हते. ‘क्रेडिट कार्ड’ हा शब्दप्रयोगही या कादंबरीत आहे. मात्र त्याचा उधारीशी संबंध नाही. राष्ट्राच्या वार्षिक उत्पन्नातला प्रत्येकाचा समान वाटा नोंदवणारे ते पुठ्ठ्याचे कार्ड आहे.

वाचकांनी खटका आणि कार्ड यांवर विशेष चर्चा केली नाही. त्यांना भिडली ती समाजरचना. शिकागोतील हेमार्केट चौकात बॉम्बस्फोट होऊन १८८६ साली रक्त सांडले होते आणि संपांची धास्ती घरोघरी होती. अशा वेळी रक्तपात न होता सारे उद्योग राष्ट्राच्या मालकीचे झाले आहेत, असे चित्र एका प्रेमकथेतून समोर आले. आपण आधी केवळ एक साहित्यिक कल्पनाचित्र रेखाटणार होतो, असे खुद्द बेलामीने १८८९ मध्ये लिहिले आहे. वाचकांनी त्यातून आराखडा घेतला. डिसेंबर १८८८ मध्ये बॉस्टनला पहिला ‘नॅशनलिस्ट क्लब’ निघाला. यातल्या ‘नॅशनलिस्ट’ शब्दाचा रोख राष्ट्राभिमानाकडे नसून राष्ट्रीयीकरणाकडे होता. पुढे दोन-तीन वर्षांत असे दीडशेहून अधिक क्लब झाले. ॲनी बेझंट यांच्यामुळे आपल्याला परिचित असलेल्या थिऑसॉफिकल सोसायटीचे अनेक सभासदही त्यांत होते.

इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्ड या लघुलेखकाला पुस्तकाने इतके झपाटले की त्याची ब्रिटिश आवृत्ती निघावी म्हणून त्याने खटपट केली. पुढे १८९८ मध्ये त्याने उद्याननगरांची योजना पुस्तकरूपाने मांडली आणि १९०३ मध्ये लेचवर्थ हे पहिले उद्याननगर वसू लागले. हॉवर्डने बेलामीची केंद्रीय सत्ता मात्र घेतली नाही. त्याची नगरे छोटी आणि आपला कारभार आपण पाहणारी होती.

सर्वांत कसदार विरोध केला तो समाजवादी कवी व कारागीर विल्यम मॉरिस याने. बेलामीच्या जगात प्रत्येक नागरिक २१ ते ४५ या वयात ‘औद्योगिक सेने’त काम करतो. यंत्रे श्रम कमी करतात आणि पंचेचाळिशीनंतर खरे आयुष्य सुरू होते. जून १८८९ मधील परीक्षणात मॉरिसने आक्षेप घेतला की काम ही टाळण्याची गोष्ट ठरली तर आयुष्याचा मोठा भाग वाया गेला. माणसाला कामातच आनंद मिळाला पाहिजे. १८९० मध्ये त्याने ‘न्यूज फ्रॉम नोव्हेअर’ ही स्वतःची भविष्यकथा लिहून उत्तर दिले.

कादंबरीतला आणखी एक तपशील आज डोळ्यांत भरतो. औद्योगिक सेनेत काम करणाऱ्यांना राष्ट्राध्यक्ष निवडण्यासाठी मत नाही. तो अधिकार फक्त सेनेबाहेरच्यांना, म्हणजे मुख्यतः निवृत्तांना आहे. डॉ. लीट यांना यात काही वावगे वाटत नाही, आणि एडिथच्या प्रेमात पडलेल्या ज्युलियनलाही खटकत नाही. विसाव्या शतकातली एकपक्षीय राज्ये पाहिलेला वाचक मात्र इथे थबकतो. प्रेमकथेच्या गोडव्यात केवढे मोठे गृहीतक सहज गिळले जाते, याचा हा नमुना आहे.

बेलामी १८९८ मध्ये क्षयाने वारला आणि क्लब त्याच्या आधीच विरले होते. तरी १९३५ मध्ये जॉन ड्यूई, चार्ल्स बिअर्ड आणि एडवर्ड वीक्स या तिघांनी मागील पन्नास वर्षांतल्या प्रभावी पुस्तकांच्या स्वतंत्र याद्या केल्या, तेव्हा तिन्हींत मार्क्सच्या ‘भांडवल’ या ग्रंथानंतर दुसरा क्रमांक ‘लुकिंग बॅकवर्ड’चा होता.

शिक्षकांना याचा उपयोग करता येईल. एखादी विज्ञानकथा वर्गात वाचून झाल्यावर विद्यार्थ्यांना तीन प्रश्न द्यावेत. या कथेतले कोणते यंत्र लेखकाच्या काळातच कुठे ना कुठे अस्तित्वात होते? त्या काळच्या वाचकाला कशाची भीती होती, ज्यामुळे ही कथा त्याला हवीशी वाटली? आणि या सुखी जगात निर्णय कोण घेतो? पहिल्या प्रश्नाला पुस्तकांत उत्तर सापडेल. दुसऱ्यासाठी इतिहासाच्या शिक्षकांची मदत लागेल. तिसऱ्यावर विद्यार्थी आपसांत वाद घालतील, आणि तो घालू द्यावा.