बंदुकीच्या दारूतून निघालेला मोटारीचा रंग

हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर हे पूर्णा नदीवरील धरणाचे गाव. मराठवाड्यातील अशा गावांत एखाद्या अंगणात, लिंबाच्या सावलीत, रंग उडालेली जुनी मोटार उभी असते आणि घरातल्या कुणाच्या तरी मनात येते की, भिंतीला रंग देता येतो, दाराला देता येतो, बैलगाडीला देता येतो, मग मोटारीलाच का देऊ नये? प्रश्न भाबडा वाटतो खरा. परंतु गेल्या सव्वाशे वर्षांत त्याचे उत्तर निदान तीनदा बदलले आहे आणि आजचे उत्तर थेट फुफ्फुसांशी जाऊन भिडते.

हा सारा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी रोल्स-रॉइसची ‘सिल्व्हर घोस्ट’ मागवली होती. मात्र गाडी हाती येण्यापूर्वीच, १९११ साली, त्यांचे निधन झाले. लंडनच्या बार्कर पेढीने त्या गाडीचा सांगाडा सजवला, आत सिंहासनासारखे आसन बसवले आणि बाहेरून तिला पिवळाधमक रंग दिला. बार्कर ही मुळात घोडागाड्या बांधणारी पेढी. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण त्या काळी मोटार रंगवणे आणि बग्गी रंगवणे यांत काहीच अंतर नव्हते. जवसाच्या तेलात खललेले रंगद्रव्य कुंचल्याने लावायचे, वाळू द्यायचे, बारीक पुडीने घासायचे, पुन्हा लावायचे, शेवटी व्हार्निशचे हात द्यायचे. उत्तम गाडीला कित्येक आठवडे लागत. साधने मात्र साधीच होती. ज्याच्याकडे चांगला कुंचला, धूळ नसलेली खोली आणि अपार सवड असेल, त्याने घरीही हे करावे.

तेलातला थर चढवण्याची ही रीत आपल्याकडे अनोळखी नव्हती. गावोगावच्या मारुतीवर तेलात कालवलेला शेंदूर पिढ्यान्‌पिढ्या चढत आला. शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. तेच द्रव्य जवसाच्या तेलात मिसळून पुलांच्या कैच्यांना, जहाजांना आणि लोखंडी पत्र्याला गंज धरू नये म्हणून पहिला हात म्हणून दिले जाई. पुढे त्याची जागा बव्हंशी ‘रेड ऑक्साइड’ने घेतली, ते गेरूच्याच कुळातले लोखंडाचे ऑक्साइड. शेंदराची आठवण येथे उगाच काढलेली नाही, तिचे कारण पुढे येईल.

अमेरिकेत मोटारी हजारोंनी निघू लागल्या, तेव्हा रंग वाळण्याची वाट पाहणे कारखान्याला परवडेना. अर्धवट वाळलेल्या गाड्यांनी गोदामे भरून जात. हेन्री फोर्डने १९१४ ते १९२५ या काळात ‘मॉडेल टी’ केवळ काळ्या रंगात काढली; डांबरी घटकांचा तो काळा रंग स्वस्त होता, टिकाऊ होता आणि भट्टीत भाजता येई.

कोंडी फुटली ती अनपेक्षित ठिकाणाहून. ड्यूपॉन्ट ही १८०२ पासून बंदुकीची दारू बनवणारी कंपनी. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज तयार होते. पहिल्या महायुद्धात तोफांच्या गोळ्यांमागे तेच जळत होते. युद्ध संपले आणि या द्रव्याला नवे गिऱ्हाईक शोधणे भाग पडले. ड्यूपॉन्टच्या रसायनज्ञांनी ते द्रावकात विरघळवून १९२३ साली ‘ड्युको’ नावाचा लॅकर बाजारात आणला. जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्या १९२४ सालासाठी निळ्या ड्युकोत निघाल्या. आठवड्यांचे काम तासांवर आले. हा रंग कुंचल्याने पसरवावा तोवर चिकट होई, म्हणून तो फवारणे आवश्यक ठरले. आणि फवारणीचे यंत्र आधीच तयार होते. ओहायोतील डॉ. अ‍ॅलन डिव्हिल्बिस यांनी घशात औषध फवारण्यासाठी केलेली युक्ती त्यांचा मुलगा टॉमस याने १९०७ मध्ये रंगासाठी वळवली होती. दारूगोळा आणि दवाखाना यांच्या संयोगातून मोटारीचा आधुनिक रंग जन्मला, असे म्हणावयास हरकत नाही.

कारखान्यासाठी केलेला हा शोध नवशिक्याला मात्र वरदान ठरला. लॅकर केवळ द्रावक उडून वाळतो. त्यात दुसरी रासायनिक क्रिया घडत नाही. त्यामुळे नवा हात जुन्या थराला किंचित विरघळवून त्यात एकजीव होतो. ओघळ आला, माशी चिकटली, कण बसला, तर वाळल्यावर घासावे आणि पुन्हा फवारावे. शेवटी पॉलिश करून चकाकी आणावी. चूक सुधारू देणारा असा रंग त्याआधी नव्हता आणि त्यानंतरही फारसा झाला नाही. १९४९ साली अमेरिकेत एडवर्ड सेमूर याने दाबयुक्त डब्यातून रंग फवारून दाखवला आणि कॉम्प्रेसरचीही गरज उरली नाही.

भारतात या गुणाची कदर अधिक झाली, कारण येथे मोटार ही बदलण्याची वस्तूच नव्हती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि पुढे तिचेच रूप असलेली प्रीमियर पद्मिनी निघाली. परवाना-राज्यात गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. मिळालेली गाडी वीस-पंचवीस वर्षे टिकवायची, म्हणजे ती दोन-तीनदा रंगवायची, हे ओघाने आले. त्यातून गॅरेजवाल्यांची एक स्वतंत्र विद्या उभी राहिली. गंज पत्र्यापर्यंत खरवडायचा, प्रायमर द्यायचा, खड्ड्यांत लांबी भरायची, पाणी पेपरने ओले घासायचे, तळहात फिरवून उंचसखल ओळखायचे आणि मगच रंगाचा हात. ‘ड्युको’ हे परक्या कंपनीने ठेवलेले नाव इतके रुळले की, कपाटाला तसा रंग मारणारा कारागीरही आपण ड्युको करतो असेच सांगतो. या साऱ्या कामात फवारणी हा सर्वांत छोटा भाग. दहांपैकी नऊ वाटे श्रम घासण्याचे. नवशिके फसतात ते येथेच.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी तर आयुष्यभर रंगांचे थर चढवत राहिल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपताच, ऑक्टोबर २०२३ अखेर, त्या रस्त्यावरून गेल्या. त्या काळच्या पिवळ्या रंगांत लेड क्रोमेट हे शिशाचे रंगद्रव्य सर्रास असे. शेंदराचा विषय पुन्हा येतो तो असा. जुनी गाडी कोरडी घासली तर जी धूळ उडते, तिच्यात शिसे असण्याचा संभव मोठा, आणि अंगणात लहान मुले खेळत असतात. शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे भारतातील नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले, तेही घरगुती व सजावटीच्या रंगांपुरते. पाणी पेपर वापरण्याची गॅरेजातील जुनी सवय म्हणूनच केवळ गुळगुळीतपणासाठी मोलाची नाही.

दरम्यान रंग पुन्हा बदलला. जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ मध्ये पॉलियुरेथेनचा शोध लावला. काही दशकांनी त्यावर आधारलेले, हार्डनर मिसळून वापरायचे दोन घटकांचे रंग मोटारींच्या दुरुस्तीत आले. चकाकी टिकाऊ, पेट्रोल सांडले तरी डाग नाही. परंतु या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. भोपाळमध्ये २ डिसेंबर १९८४ च्या रात्री सुटलेला मिथाइल आयसोसायनेट याच कुळातला. हार्डनरमधील द्रव्य त्याच्यासारखे आपणहून हवेत उडत नाही, हे खरे. पण फवारणीत त्याचे सूक्ष्म थेंब होतात आणि ते श्वासावाटे आत गेले की दमा जडू शकतो. एकदा शरीराने त्याची धास्ती घेतली की पुढे अत्यल्प मात्राही झटका आणते. त्याला वास जवळजवळ नसतो, त्यामुळे नाक सावध करीत नाही. नाकावर बांधलेला रुमाल येथे निरुपयोगी. कारखान्यांत बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लावूनच हे काम होते.

म्हणून सिद्धेश्वरच्या अंगणातील जुन्या गाडीला आजही शंभर वर्षांपूर्वीचा लॅकरच अधिक मानवतो. त्याचीही पथ्ये आहेत. तो झटकन पेट घेतो, शेवटी बंदुकीच्या दारूचाच भाऊबंद; चूल, बिडी, उघडा दिवा जवळ नको. त्याचा थिनरही अंगाला बाधतो, म्हणून काम उघड्यावर आणि योग्य मुखवटा लावूनच. वैशाखातल्या दुपारी फवारला तर थेंब पत्र्यावर पोहोचण्यापूर्वीच सुकतात आणि हाताला खरखर लागते. पावसाळ्यात हवेतले बाष्प थरावर उतरून पांढरी झाक येते. काळ्या मातीची धूळ बाराही महिने असते. जमिनीवर पाणी शिंपडून ती दबवता येते. दिवाळीनंतरची कोरडी, वारा नसलेली सकाळ, ऊन तापण्याआधीचे दोन-तीन तास, एवढाच खरा मुहूर्त.

एक कागदी बाजूही आहे. गाडीचा रंग नोंदणीच्या कागदांत लिहिलेला असतो. दुसरा रंग दिल्यास परिवहन कार्यालयात तशी नोंद करून घ्यावी लागते. ऑलिव्ह हिरवा रंग मात्र देताच येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२१ वा नियम तो संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखून ठेवतो. लष्कराची जुनी जीप हौसेने विकत घेणाऱ्यालाही तिचा मूळ रंग ठेवता येत नाही; तिचे पहिले काम नवा रंग, आणि तोही दुसराच कुठला तरी.