वसईचा तह : तोफेआधी लेखणी

इंग्रज मूठभर आणि देश एवढा अफाट, मग त्यांनी तो घेतला कसा? इथल्या शाळेत शिकणारी आपली मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. "आपल्यात फूट होती" एवढं सांगून आपण मोकळे होतो. ते खोटं नाही. पण त्या फुटीचा उपयोग कसा करून घेतला गेला, हे समजायला वसईचा तह पाहावा लागतो.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरा बाजीराव कोकणात पळाला, इंग्रजांच्या आश्रयाने वसईला पोचला आणि ३१ डिसेंबरला त्याने ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला.

कलमं वरवर मैत्रीचीच. पेशव्याच्या रक्षणासाठी कंपनीचं किमान ६,००० पायदळ त्याच्या मुलुखात कायम राहील. खर्चापोटी त्याने सालीना २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा. निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेले वाद कंपनीच्या निवाड्यावर सोपवावेत. आणि कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणी करू नयेत.

आमच्या मते सर्वांत महाग पडलं ते हे शेवटचं कलम. गेलेला मुलूख परत जिंकता येतो. पण नाना फडणविसांनी एके काळी निजाम, हैदर आणि नागपूरकर भोसले यांना इंग्रजांविरुद्ध एकत्र आणलं होतं, ते वकील पाठवून, पत्रं लिहूनच. नाना १८०० साली वारले आणि दोनच वर्षांत पेशव्याने बोलणी करण्याचा हा हक्कच लिहून दिला.

१३ मे १८०३ रोजी बाजीराव इंग्रजी फौजेच्या पहाऱ्यात पुण्याला परतला. शिंदे आणि भोसले यांना हा तह मानवला नाही. युद्ध पेटलं, पण होळकर त्या वेळी बाजूलाच राहिले. असईची लढाई जिंकणारा आर्थर वेलस्ली म्हणजेच पुढे वॉटर्लूमुळे गाजलेला ड्यूक ऑफ वेलिंग्टन. डिसेंबर १८०३ मध्ये भोसल्यांनी देवगावला आणि शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावला आपापले वेगळे तह केले. एकेकाला गाठायचं आणि एकेकाची सही घ्यायची, अशी ती रीत होती. १८१७ साली बाजीराव लढायला उठला तेव्हा फार उशीर झाला होता. १८१८ मध्ये तो शरण आला आणि सालीना ८ लाखांच्या पेन्शनीवर बिठूरला गेला.

कंपनीचे इंग्रजी कागद आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, तर पेशवे दफ्तरातले मोडी कागद पुण्यात. आपली मुलं पहिले वाचू शकतील. दुसरे वाचायला त्यांना कोण शिकवणार? मंडळात कुणाला मोडी येत असेल तर त्यांनी जरूर कळवावं. चार मुलं जमली तरी वर्ग सुरू करू.