किमयेची पुस्तके आणि भट्टीवरचे हात

ज्ञान छापले गेले की ते सर्वांचे होते, असे मानण्याचा प्रघात आहे. सोळाव्या शतकातील युरोपात छापलेल्या किमयाशास्त्राच्या पुस्तकांचा मी मागोवा घेतला, तेव्हा ज्ञानबंदीची एक वेगळीच तऱ्हा समोर आली. पुस्तक खुले आणि ज्ञान बंद!

किमया ही मुळात भट्टीची विद्या. धातू गाळणारे, रंगारी, अर्क काढणारे ही तिची खरी माणसे. ग्रंथ मात्र बहुधा लॅटिनमध्ये, म्हणजे मठांच्या आणि विद्यापीठांच्या भाषेत. 1531-32 मध्ये जर्मन शहरांतून चार छोट्या पुस्तिका निघाल्या. पोलादाला पाणी कसे द्यावे, कापडावरचे डाग कसे काढावेत, शाई कशी करावी, हे त्यांत साध्या जर्मनमध्ये सांगितले होते. एकीचे नावच ‘किमयेचा योग्य उपयोग’ असे होते. कारखान्यातले ज्ञान असे बाजारात आले. पण ज्यांच्या हातांनी ते कमावले, त्या कारागिरांची नावे त्यांत नाहीत.

पॅरासेल्ससने 1527 मध्ये बाझेल विद्यापीठात जर्मनमधून वैद्यक शिकवले. न्हावी, न्हाणीघरे चालवणारे आणि स्त्रिया यांच्याकडूनही आपण शिकलो, असे त्याने 1536 च्या शस्त्रवैद्यकावरील ग्रंथात नमूद केले. प्रस्थापितांना हे कसे मानवावे? 1528 मध्ये त्याला बाझेल सोडावे लागले. लाइपझिगच्या वैद्यक विद्याशाखेच्या सांगण्यावरून न्युरेंबर्गच्या नगरसभेने 1530 मध्ये त्याच्या लेखनाच्या छपाईला मनाई केली. तो 1541 मध्ये वारला. त्याचे लेखन दहा खंडांत छापले गेले ते 1589 ते 1591 मध्ये. पण लोकभाषेत लिहिणाऱ्या याच माणसाने इतके नवे, अगम्य शब्द घडवले, की त्यांचे कोश छापावे लागले.

सर्वांत बोलके उदाहरण बॅसिलियस व्हॅलेंटिनसचे. या नावाने 1599 पासून पुस्तके निघू लागली. लेखक पंधराव्या शतकातील एक ख्रिस्ती साधू, असे सांगितले गेले. अशा साधूचा पत्ता कुठल्याही मठात लागत नाही. ती प्रसिद्ध करणारा योहान थोल्डे हा मिठाच्या धंद्यातला माणूस. तोच लेखक असावा, असे अनेक अभ्यासकांना वाटते. भट्टीच्या ज्ञानाला प्रतिष्ठा मिळावी म्हणून त्याच्या अंगावर साधूची वस्त्रे चढवावी लागली, याला काय म्हणावे?

या पुस्तकात एक करडा लांडगा राजाला गिळतो, लांडग्याला जाळतात आणि राजा पुन्हा उठतो. राजा म्हणजे सोने, लांडगा म्हणजे अँटिमनीचे खनिज. ते हिणकस सोन्याबरोबर वितळवले की त्यातले गंधक तांबे-चांदी ओढून घेते. उरलेला अँटिमनी तापवून उडवला की शुद्ध सोने राहते. सोने शुद्ध करणाऱ्या कारागिराच्या हातचे हे काम. पुस्तकात त्याचे कोडे झाले.

लिबाव्हियसने 1597 च्या ‘अल्केमिया’त हे गूढ मोडून काढत क्रिया, उपकरणे आणि पदार्थ यांची रीतसर मांडणी केली. पण ती लॅटिनमध्ये! एकाने भाषेचे कुलूप काढले तर अर्थाचे घातले; दुसऱ्याने अर्थाचे काढले तर भाषेचे ठेवले.

म्हणून माझे म्हणणे असे, की छापखाना आला एवढ्याने ज्ञानमुक्ती होत नाही. छापलेले कोणाच्या भाषेत आहे, कोणाला कळते आहे आणि मुखपृष्ठावर कोणाचे नाव आहे, हे तीन प्रश्न प्रत्येक ग्रंथाला विचारले पाहिजेत. ग्रंथ पवित्र असो वा शास्त्रीय, त्याची यातून सुटका नाही.