खलनायकाला भूतकाळ लाभतो तेव्हा

चित्रकथा म्हणजे मुलांची घटकाभर करमणूक, तिच्यात इतिहास कोठून यायचा, असा समज आपल्याकडे चांगलाच रुजलेला आहे. शाळेच्या वयात ज्यांनी इंद्रजाल कॉमिक्समधील वेताळाच्या गोष्टी वाचल्या, त्यांना त्यांतले चाचे आणि लुटारू आठवत असतील. ती माणसे दुष्ट का झाली, असा प्रश्न आम्हांपैकी कोणाच्या मनात कधी आला नाही. वेताळाचा ठोसा बसला की गोष्ट संपत असे. अमेरिकेतील चित्रकथांतही दीर्घकाळ हीच रीत होती. ती मोडणाऱ्या पात्रांत ‘एक्स-मेन’ या मालिकेतील मॅग्नेटो या खलनायकाचे स्थान मोठे आहे. त्याची जडणघडण पाहताना एका काल्पनिक पात्राबरोबरच खऱ्या इतिहासाचीही ओळख होते, म्हणून तिचा येथे विचार करावा असे आम्हांस वाटते.

१९६३ साली लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांनी ही मालिका सुरू केली. जन्मतःच अलौकिक शक्ती लाभलेली काही माणसे, म्हणजे ‘म्युटंट’, आणि त्यांना भिणारा, त्यांचा द्वेष करणारा समाज, ही तिची कल्पना. प्राध्यापक चार्ल्स झेवियर आपल्या म्युटंट विद्यार्थ्यांना सर्व माणसांशी सलोख्याने राहण्याची शिकवण देतात. उलट, लोहचुंबकाची अफाट शक्ती लाभलेला मॅग्नेटो पहिल्याच अंकात क्षेपणास्त्रांच्या तळावर हल्ला चढवतो. पुढल्या वर्षी त्याने आपल्या साथीदारांची जी टोळी उभी केली, तिच्या नावातच ‘दुष्ट’ हे विशेषण होते! स्वतःला दुष्ट म्हणवून घेणारा हा दुष्ट कोठून आला, त्याचे घरदार कोणते, याविषयी वाचकांना काहीच सांगितले गेले नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ली आणि कर्बी हे दोघेही न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेल्या ज्यू स्थलांतरितांचे पुत्र. कर्बी तर १९४४ साली सैनिक म्हणून फ्रान्समध्ये प्रत्यक्ष लढले होते. तरीही युरोपातील ज्यूंच्या संहाराची सावली त्यांनी या पात्रावर उघडपणे पडू दिली नाही. याचे नवल वाटू नये. युद्धानंतर कितीतरी वर्षे त्या संहाराविषयी सार्वजनिक जीवनात फारसे बोलले जात नव्हते. १९६१ साली जेरुसलेममध्ये आइकमानवर खटला चालला, तेव्हा छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या साक्षी जगाने ऐकल्या. अमेरिकेत १९७८ साली या संहारावरील दूरदर्शन मालिका लाखो घरांत पाहिली गेली आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्याच्या स्मरणार्थ एक आयोग नेमला. मौन असे हळूहळू सुटत गेले.

ते सुटत असतानाच क्रिस क्लेअरमाँट हे या मालिकेचे लेखन करीत होते. १९७५ पासून १९९१ पर्यंत त्यांनी ही जबाबदारी वाहिली. तरुणपणी ते काही काळ इस्रायलमधील एका किबुत्झवर राहिले होते आणि छळछावण्यांतून वाचलेली माणसे त्यांना तेथे भेटली होती. १९८१ साली मालिकेच्या १५० व्या अंकात त्यांनी मॅग्नेटोला भूतकाळ दिला.

या अंकात मॅग्नेटो जगातील सर्व राष्ट्रांना शस्त्रे खाली ठेवून आपली सत्ता मान्य करण्यास फर्मावतो. आपल्यावर क्षेपणास्त्रे सोडणारी सोव्हिएत पाणबुडी तो खलाशांसह बुडवतो. नंतरच्या झुंजीत त्याच्या प्रहाराने किटी प्राइड नावाची मुलगी कोसळते. ती स्वतः म्युटंट आहे, ज्यू आहे, आणि जेमतेम तेरा-चौदा वर्षांची आहे. ती मेली असे समजून तो तिला उचलून घेतो आणि त्याचे अवसान गळते. आपले बालपण आउश्वित्झमध्ये गेले आणि आपल्या कुटुंबाला तेथे मृत्यूकडे हाकलले गेले, हे त्याच्या तोंडून आपल्याला तेव्हा कळते. त्या पहारेकऱ्यांच्या लेखी आपल्या जिवाला मोल नव्हते. पुढे आपल्या लेखीही इतरांच्या जिवाला मोल उरले नाही, अशी कबुली तो देतो. मुलगी वाचते; परंतु त्या कोवळ्या चेहऱ्यात त्याला आपलेच बालपण दिसलेले असते.

आउश्वित्झमध्ये सुमारे ११ लाख माणसे मारली गेली. त्यांतील फार मोठा भाग ज्यूंचा होता. एवढ्या अपार दुःखाला एका खलनायकाच्या कथेत ओढून आणणे योग्य का, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो अनाठायी म्हणता येणार नाही. छळ सोसलेला माणूस पुढे छळणाराच होतो, असा अर्थ निघाला तर ते त्या मृतांवर आणि वाचलेल्यांवरही अन्यायाचे होईल. क्लेअरमाँट यांना या धोक्याची जाण असावी. १९८२ साली त्यांनी गॅब्रिएल हॅलर हे पात्र आणले. ती डाखाऊच्या छावणीतून वाचलेली, आघाताने वाचा आणि भान हरपलेली तरुणी. हैफा येथील रुग्णालयात ती बरी होते आणि पुढे आपल्या देशाची राजदूत होते. मॅग्नेटोही त्या काळी त्याच रुग्णालयात सेवा करीत असतो. जखम एकाच जातीची, पण वाटा दोन. भूतकाळ माणसाला घडवतो हे खरे, मात्र तो माणसाच्या वतीने निवड करीत नाही.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या क्लेअरमाँट यांच्याच एका स्वतंत्र चित्रकादंबरीत तर खलनायक एक धर्मोपदेशक आहे. पवित्र शास्त्रातील वचने मुखी घेऊन तो म्युटंटांचा संहार आरंभतो आणि मॅग्नेटो त्याच्याविरुद्ध झेवियर यांच्या शिष्यांच्या बाजूने उभा राहतो. आमच्यासारख्या श्रद्धावंत वाचकांनी हे पान घाईने उलटू नये. ज्यांना आपण खल मानतो त्यांच्याकडे न्याय असू शकतो, आणि ज्यांच्या हाती ग्रंथ आहे त्यांच्याकडे द्वेष असू शकतो, हे मान्य करणे जड जाते. पण इतिहास त्याची साक्ष देतो.

१९८५ साली, मालिकेच्या २०० व्या अंकात, पॅरिसमध्ये मॅग्नेटोवर खटला चालतो. त्याचा बचाव कोण करते? हीच गॅब्रिएल हॅलर. तो सुरुवातीला स्वतःहून शरण आलेला असतो. त्याचे दुःख न्यायासनापुढे मांडले जाते, परंतु त्या पाणबुडीवरील खलाशांच्या मृत्यूचा हिशेबही मागितला जातो. पुढे झेवियर यांच्या विनंतीवरून तो त्यांची शाळा सांभाळतो. हा पालट टिकला नाही, नंतरच्या लेखकांनी त्याला पुन्हा जुन्या वाटेवर नेले, ही गोष्ट वेगळी. २००८ आणि २००९ साली ग्रेग पॅक यांनी पाच भागांत त्याचे बालपण लिहिले. त्यात एका जर्मन ज्यू मुलाच्या डोळ्यांनी १९३५ नंतरचा इतिहास येतो, ऑक्टोबर १९४४ मधील बिर्केनाऊ येथील कैद्यांचे बंड येते. अलौकिक शक्तीचा डामडौल मात्र जवळजवळ नाही.

‘पुन्हा कधीच नाही’ असे मॅग्नेटो म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात फक्त त्याची स्वतःची माणसे असतात, आणि त्याची शोकांतिका येथेच आहे. ज्या दुःखाने त्याला सर्व दुःखितांशी जोडायचे, त्याचीच त्याने भिंत केली. आपल्या घरातील मुले आज चित्रपटांतून या पात्राला ओळखतात. तो वाईट आहे की चांगला, असे ती विचारतील, तेव्हा घाईने उत्तर देऊ नये, असे आम्हांस वाटते. त्याच्यावर काय गुदरले ते आधी सांगावे, मग त्याने इतरांवर काय गुदरवले तेही सांगावे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरण्याची सवय मुलांना लागली, तर इतिहास त्यांना खऱ्या अर्थाने समजू लागेल.