प्रशिक्षित कुत्र्याचे घरात मलमूत्रविसर्जन

प्रशिक्षित कुत्र्याचे घरात मलमूत्रविसर्जन हे पाळीव कुत्र्यांमध्ये आढळणारे एक लक्षण आहे. बाहेर जाऊन मलमूत्रविसर्जन करण्याची सवय पक्की झालेला कुत्रा पुन्हा घरात लघवी किंवा विष्ठा करू लागतो. पिल्लाला मुळात सवयच न लागणे ही याहून वेगळी बाब होय. कुत्रा हट्टाने किंवा सूड म्हणून असे करतो, हा समज प्रचलित असला तरी यामागे बहुधा आजार, वार्धक्य, भीती किंवा दिनक्रमातील बदल असतो. म्हणून आधी पशुवैद्यकीय तपासणी व नंतर पुनर्प्रशिक्षण असा क्रम पाळला जातो.

शारीरिक कारणे

मूत्रमार्गाचा संसर्ग व मूतखडा यांत कुत्रा वारंवार थोडी थोडी लघवी करतो. लघवीत रक्तही दिसू शकते. मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार आणि कुशिंग विकार यांत तहान व लघवीचे प्रमाण दोन्ही वाढतात. स्टेरॉइड व मूत्रल औषधांचाही असाच परिणाम होतो. निर्बीजीकरण न झालेल्या कुत्रीला माजानंतरच्या काही आठवड्यांत गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा विकार जडू शकतो. अतितहान हे त्याचे एक लक्षण होय. निर्बीजीकरण झालेल्या काही कुत्र्यांच्या मादींत मूत्रमार्गाचा स्नायू शिथिल होऊन झोपेत नकळत लघवी गळते. विष्ठेच्या बाबतीत अतिसार, जंत व आहारातील अचानक बदल ही नेहमीची कारणे आहेत.

वृद्ध कुत्र्याला संधिवातामुळे जिने उतरणे कठीण होते आणि बाहेर पोहोचण्यापूर्वीच विसर्जन होते. मेंदूच्या वार्धक्यजन्य ऱ्हासात शिकलेली सवयच विसरली जाते. ओळखीच्या घरात वाट चुकणे, कोपऱ्यात अडकून राहणे आणि रात्री जागून येरझारा घालणे ही त्याची सोबतची लक्षणे होत.

वर्तनविषयक कारणे

भिंत, दार किंवा सामानाच्या उभ्या बाजूवर अल्प प्रमाणात केलेली लघवी हे बहुधा हद्द आखण्याचे वर्तन असते. नवे घर, नवा प्राणी किंवा पाहुणे आल्यावर ते वाढू शकते. कुत्रा एकटा असतानाच विसर्जन होत असेल आणि त्यासोबत केकाटणे किंवा दार ओरबाडणे आढळत असेल, तर विरहजन्य चिंतेची शक्यता विचारात घेतात. दिवाळीतील फटाक्यांच्या भीतीने किंवा पावसात भिजणे नको म्हणून काही कुत्रे बाहेर विसर्जन करण्याचे टाळतात व घरी परतल्यावर करतात.

निदान

विसर्जनाची वेळ, जागा, प्रमाण आणि त्या वेळी घरात कोण होते, यांची नोंद निदानास उपयुक्त ठरते. मोजलेले पाणी भांड्यात ठेवल्यास चोवीस तासांत किती प्यायले ते कळते. शरीराच्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे १०० मिलिलिटरपेक्षा अधिक पाणी पिणे असामान्य मानले जाते. पशुवैद्य लघवी, विष्ठा व रक्त यांच्या चाचण्या करतात आणि आवश्यक वाटल्यास क्ष-किरण किंवा सोनोग्राफी तपासणीही करतात. कुत्रा कुंथूनही लघवी होत नसेल, तर मूत्रमार्ग बंद झालेला असू शकतो. अशा वेळी तत्काळ उपचार न मिळाल्यास मृत्यू ओढवतो.

उपचार व पुनर्प्रशिक्षण

मूळ आजारावर उपचार केल्यावर अनेकदा लक्षण नाहीसे होते. लघवी अधिक होते म्हणून पाणी तोडणे धोकादायक असते. सवय पुन्हा लावण्यासाठी सकाळी उठल्यावर, जेवणानंतर, खेळानंतर व झोपण्यापूर्वी कुत्र्याला ठरलेल्या जागी नेतात आणि विसर्जन होताच तेथेच शाबासकी किंवा खाऊ देतात. वृद्ध कुत्र्याला अधिक वेळा बाहेर नेणे, घसरत्या फरशीवर चटई अंथरणे आणि गच्चीत शोषक पत्रे ठेवणे हे उपाय केले जातात. चिंताग्रस्त कुत्र्याला एकटे राहण्याची सवय क्रमाक्रमाने लावतात. काहींना पशुवैद्याच्या सल्ल्याने औषधेही द्यावी लागतात.

डागाचा वास उरल्यास कुत्रा पुन्हा त्याच जागी येतो. त्यामुळे एन्झाइमयुक्त द्रावणाने जागा धुतात. लघवीसारखा वास असणारी अमोनियायुक्त द्रावणे टाळतात.

शिक्षेचे दुष्परिणाम

मारणे, ओरडणे किंवा नाक डागावर घासणे यांमुळे समस्या सुटत नाही. काही वेळापूर्वी घडलेल्या कृतीशी शिक्षेचा संबंध कुत्र्याला जोडता येत नाही. मालकाचा राग पाहून तो अंग चोरतो, त्यालाच अपराधाची कबुली समजले जाते. पुढे तो मालकासमोर बाहेरही विसर्जन करण्यास घाबरतो, आडोशाला जाऊन करू लागतो आणि आजाराचे निदान लांबते. या त्रासाला कंटाळून कुत्र्याला रस्त्यावर सोडून देण्याचे प्रकारही घडतात. उपासमार किंवा तहानेने प्राण्याला यातना होतील अशा स्थितीत त्याला सोडून देणे हा भारतात प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हा आहे.